पेटीतला सावळा रंग

आमच्यापैकी एकाचे घर पेणला आणि एकीचे रोह्याला. जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात आम्ही दोघे बरीच वर्षे मराठी शिकवीत आहोत आणि जवळजवळ तितकीच वर्षे तेथील नाट्यमंडळाचे काम पाहत आहोत. दोघांनी मिळून लिहिण्याची आम्हाला सवय नाही. एखाद्या कवितेच्या अर्थाविषयीही आमचे एकमत होताना मारामार. तरीही हा मजकूर दोघांचा आहे, कारण त्यात सांगावयाची चूक दोघांनी मिळून केलेली आहे. मात्र तिच्याकडे वळण्यापूर्वी एका मालिकेविषयी लिहिणे भाग आहे.

‘स्टार प्रवाह’वर ‘रंग माझा वेगळा’ ही मालिका ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये संपली. सुरेश भटांच्या १९७४ सालच्या संग्रहाचे नाव एका दैनंदिन मालिकेला मिळालेले पाहून आम्हाला थोडे बरे वाटले आणि थोडे वाईटही. भटांचा वेगळा रंग वृत्तीचा होता. इथे तो अक्षरशः कातडीचा होता. नायिका दीपा वर्णाने काळी. सासूचे नाव सौंदर्या इनामदार (मालिकांमध्ये नावे ठेवताना कसलीच आडपडद्याची पद्धत नसते), तिला काळ्या रंगाचा तिटकारा, आणि तिचा डॉक्टर मुलगा कार्तिक नेमका दीपाच्याच प्रेमात पडतो. कथा मूळची मल्याळम. ‘एशियानेट’वर २०१४ मध्ये सुरू झालेल्या त्या मालिकेच्या नावाचा, ‘करुत्तमुत्तु’चा, अर्थ काळा मोती. तेलुगू, कन्नड, तमिळ अशी वळणे घेत ती मराठीत आली आणि टीआरपीच्या यादीत बराच काळ वरच्या जागी राहिली. रोह्याच्या घरी ती जेवणाच्या वेळी लागलेली असे, पेणच्या घरीही. आम्ही ती पाहत नव्हतो, असे म्हणण्याची प्राध्यापकी रीत आहे. आम्ही ती पाहत होतो.

दीपाची भूमिका रेश्मा शिंदे यांनी केली. त्यांचा मूळ वर्ण उजळ. चेहरा, मान, हात यांवर रोज सावळा रंग चढवून त्या दीपा होत आणि चित्रीकरण संपले की तो रंग उतरवून ठेवीत. त्यांच्या अभिनयाविषयी आमची तक्रार नाही. असे काम वर्षानुवर्षे निष्ठेने करणे सोपे नव्हे. तक्रार आहे ती त्या रंगाच्या डब्याविषयी. ‘रंगावर माणसाची किंमत ठरवू नका’ हे ज्या कथेने रोज सांगायचे, तिच्या नायिकेसाठी खरोखर सावळी असलेली एक मराठी अभिनेत्री कुणालाच का निवडावीशी वाटली नसेल? नायिका काळी असावी आणि अभिनेत्री मात्र गोरी असावी, ही अट कुठल्या करारात लिहिलेली नसते. पण ती पाळली जाते.

या अटीमुळे प्रेक्षकाच्या मनात काय होते, हे पाहण्यासारखे आहे. रंगाखाली कोण आहे हे त्याला मुलाखतींतून, पुरस्कारसोहळ्यांतून, वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रांतून ठाऊक असते. त्यामुळे तो जिचा कैवार घेतो ती काळी मुलगी नसते. काळेपणाचा शाप लागलेली गोरी मुलगी असते. आपल्या कहाण्यांमधल्या शापित राजकन्येसारखी. शाप उतरणार हे श्रोत्याला आधीच माहीत असते, म्हणून तर तिचे हाल त्याला ऐकवतात. २०२४ मध्ये त्याच वाहिनीवर सुरू झालेल्या ‘घरोघरी मातीच्या चुली’त रेश्मा शिंदे जानकी म्हणून आल्या, त्या आपल्या स्वतःच्या वर्णात. शाप उतरला. आमच्या वर्गात मागच्या बाकांवर बसणाऱ्या मुलींना तो डबा बंद करून ठेवता येत नाही.

असे नेहमीच होते असेही नाही, आणि म्हणूनच अधिक वाईट वाटते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच्या पहिल्या वर्षांत मराठी बातम्या सांगणाऱ्यांमध्ये स्मिता पाटील होत्या. म्हणजे मराठी माणसाने आपल्या घरातल्या पडद्यावर जे चेहरे अगदी आरंभी पाहिले, त्यांत एक ठळक सावळा चेहरा होता आणि त्यावाचून कुणाचे काही अडले नव्हते. पुढे २००५ मध्ये ‘झी टीव्ही’वर हिंदीत ‘सात फेरे’ आली. तिचाही विषय नायिकेचा सावळा रंग हाच होता आणि सलोनी झाली होती राजश्री ठाकूर ही मुळातच सावळी अभिनेत्री. मालिका २००९ पर्यंत चालली. त्यानंतर दहा वर्षांनी मराठीत हाच विषय आला तेव्हा आपण पुढे सरकायला हवे होते. दीपा पडद्यावर असतानाच, २०२० मध्ये, ‘फेअर अँड लव्हली’ या १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या मलमाच्या नावातून ‘फेअर’ शब्द काढून टाकण्यात आला. मलम तेच राहिले.

मालिकेच्या बाजूने जे बोलले जाते ते आम्ही ऐकलेले आहे. नायिका रोज लोकांच्या घरात जाणार, वर्षाला तीनशेच्या आसपास भाग होणार, तेव्हा चेहरा ‘चालणारा’ हवा. वाहिनी लूक टेस्ट पाहून होकार देते. नव्या मुलीवर एवढे ओझे टाकता येत नाही. शेवटी प्रेक्षकालाच गोरा चेहरा लागतो. शेवटचे कारण सगळ्यांत जुने आणि सगळ्यांत लटके. मराठी प्रेक्षक चेहऱ्यांच्या बाबतीत कमालीचा सोशिक आहे. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली शनाया आठवावी. रसिका सुनील यांनी ती भूमिका सोडली, ईशा केसकर आल्या, पुढे पुन्हा रसिका सुनील आल्या. बाई तीच, घर तेच, नवराही तोच (दुसरीचा), चेहरा मात्र दोनदा बदलला, आणि पेण-रोह्याच्या घरांमध्ये आठवडाभर कुरकुर होऊन सगळे शांत झाले. इंग्लंडात ‘डॉक्टर हू’ ही मालिका १९६३ पासूनची. नायकाने मरणाच्या दारात पोचताच नवे शरीर घ्यायचे अशी तिची युक्ती. पण ते नवे शरीर बाईचे होण्यासाठी, जोडी व्हिटेकरपर्यंत, २०१७ साल उजाडावे लागले, आणि रवांडात जन्मलेल्या शूटी गाट्वाकडे ती भूमिका प्रमुख म्हणून आली २०२३ मध्ये. वाटेल तो चेहरा घेण्याची मुभा कथेतच असताना साठ वर्षे. सवय प्रेक्षकाची असते की निवडणाऱ्यांची, असा प्रश्न त्यावरून पडतो.

दुसरीकडे ‘सुंदरा मनामध्ये भरली’ (‘कलर्स मराठी’, २०२०) या मालिकेत लठ्ठ नायिकेसाठी अक्षया नाईक यांना घेतले गेले. एखाद्या सडपातळ अभिनेत्रीला कापूस बांधून उभे केले नाही. लोकांनी लतिका पाहिली आणि आपलीशी केली. कथा पुढे नेहमीच्या मालिकांसारखीच वाहवत गेली असेल, पण तो वेगळा मुद्दा.

हे सगळे आम्ही ऑगस्ट २०२३ मध्ये, मालिका संपत आली असताना, प्रसारमाध्यमांच्या तासाला बोलत होतो. दोघे एकाच तासाला वर्गावर होतो, आणि सांगायला हरकत नाही की बोलणे चांगले रंगले होते. विवाहविषयक जाहिरातींतली भाषा काढली. ‘निमगोरी’, ‘गव्हाळ’, ‘उजळ’ हे शब्द फळ्यावर लिहिले. ‘सावळी पण तरतरीत’ यातल्या ‘पण’ या उभयान्वयी अव्ययाने मराठी समाजाचे किती काम केले आहे, यावर मुले हसली. विठ्ठल सावळा, कृष्ण सावळा आणि सून मात्र गोरी, हेही झाले. ऑथेल्लोपर्यंत गेलो. १९३० साली लंडनमध्ये पॉल रोबसन ऑथेल्लो झाला होता, आणि त्यानंतर पस्तीस वर्षांनी, १९६५ च्या चित्रपटात, लॉरेन्स ऑलिव्हिए तोंडाला काळे फासून तीच भूमिका करीत होता, हे सांगितले.

खारेपाटातून येणारा एक मुलगा उठला. वात्रट नव्हे, एरवी गप्प बसणारा. म्हणाला, “सर, मग आपल्या एकांकिकेत कातकरणीचं काम कोणी केलं होतं?”

तास संपायला दहा मिनिटे होती. ती दहा मिनिटे आम्ही कशी काढली ते आठवत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी आम्ही दोघांनीच एक एकांकिका लिहिली होती. दिवाळीनंतर कुटुंबासह वीटभट्टीवर गेलेली, उचल फिटत नाही म्हणून अडकून पडलेली एक कातकरी बाई, असा विषय. आमच्या भागात या विषयासाठी कल्पनाशक्ती लागत नाही. पेण, रोहा, सुधागड, सगळीकडे कातकरवाड्या आहेत. भातकापणी आटोपली की त्यांतली कितीतरी घरे कुलूप लावून, किंवा कुलूपही न लावता, भट्ट्यांकडे जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या वर्षी आमच्या द्वितीय वर्षाच्या वर्गात अशाच एका वाडीतून येणारी मुलगी होती. कवितावाचनाच्या तासाला तिचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिले होते. खर्जातला, न थरथरणारा आवाज.

मुख्य भूमिका आम्ही तिला दिली नाही. गावातल्या एका मुलीला दिली, वक्तृत्वाची बक्षिसे मिळवणारी, उच्चार स्वच्छ, रंग गोरा. वाडीतल्या मुलीला ‘भट्टीवरची तिसरी बाई’ दिली. दोन वाक्ये होती. वेळेत बसेना म्हणून एक काढले.

आम्ही स्वतःला दिलेली कारणे आज जशीच्या तशी मांडतो. ती घरच्यांबरोबर भट्टीवर निघून गेली तर ऐन वेळी काय करायचे? (ज्या गोष्टीवर नाटक लिहिले, तीच गोष्ट तिला नाटकाबाहेर ठेवण्याचे कारण झाली, हे तेव्हा जाणवले नाही.) तिची भाषा परीक्षकांना समजली नाही तर? एवढे पाठांतर तिला जमेल का? यातला एकही प्रश्न आम्ही तिला विचारला नव्हता.

इतकेच असते तर कदाचित विसरलो असतो. पण मुख्य भूमिका करणाऱ्या मुलीला कातकरी बोलीचे हेल येईनात. ते शिकवायला आम्ही त्याच मुलीला बसवले. डोक्यावर विटा कशा रचतात, मान कुठे ताठ आणि कुठे सैल ठेवायची, हेही तिनेच दाखवले. मग स्पर्धेच्या दिवशी रंगभूषा सुरू झाली. पेटीत सावळ्या रंगाच्या दोन-तीन छटा होत्या. कुठली घ्यावी ते ठरेना, तेव्हा आमच्यापैकी एकाने तिला जवळ बोलावले, हात पुढे कर म्हटले, आणि तिच्या मनगटावर बोटाने एकेक छटा ओढून पाहिली. जी दिसेनाशी झाली ती बरोबर. ती गोऱ्या मुलीच्या चेहऱ्याला लावली.

हे करणारा पेणचा. हमरापूर-जोहे भागातले गणपतीचे कारखाने पाहत वाढलेला, अंगाच्या रंगाचे मिश्रण हा त्याच्या लहानपणीच्या आवडीचा खेळ. शेकडो मूर्तींना एकाच मोठ्या भांड्यातला गुलाबी रंग लागायचा आणि डोळ्यांची आखणी तेवढी एकेका मूर्तीला बसून व्हायची. रंग जुळवण्यात आपला हात चांगला आहे, याचा त्याला त्या दिवशीही अभिमानच वाटला होता. आणि शेजारी उभी राहून ‘हां, हीच छटा’ म्हणणारी रोह्याची. एकांकिकेला बक्षीस मिळाले. परीक्षकांनी ‘अस्सल’ हा शब्द वापरला.

तर ‘रंग माझा वेगळा’वर चार वर्षे टीका करणाऱ्या आमच्याकडे स्वतःचा डबा होता. वाहिनीला निदान टीआरपीची सबब होती.

त्या तासानंतर आम्ही ‘जैत रे जैत’ पुन्हा पाहिला. जब्बार पटेलांचा १९७७ चा चित्रपट, गो. नी. दांडेकरांची कादंबरी कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांवरची, म्हणजे पेणहून पनवेलकडे जाताना ज्या सुळक्याकडे आमच्या माना आपोआप वळतात तिथलीच. चिंधी झाल्या स्मिता पाटील, नाग्या झाले मोहन आगाशे. दोघेही ठाकर नव्हेत. तरी तो चित्रपट आम्हाला खोटा वाटत नाही आणि दीपा खोटी वाटते, असे का? यावर आमचे जमले नाही. आमच्यातल्या एकाचे म्हणणे असे की अभिनय म्हणजेच दुसऱ्याचे होणे; जन्माचा दाखला पाहून भूमिका देऊ लागलो तर नाटक संपेल. मामूटी मल्याळी, धर्माने मुसलमान. जब्बार पटेलांच्याच चित्रपटात ते डॉ. आंबेडकर झाले आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा कुणी हरकत घेतली असती तर बाबासाहेबांनाच ती पटली नसती. २०१९ मध्येच, त्याच ‘स्टार प्रवाह’वर, आंबेडकरांवरच्या मालिकेत सागर देशमुख होते, जे त्याच वर्षी पडद्यावर पु. ल. देशपांडेही झाले होते. आपल्याच जिल्ह्यातल्या महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर जे घडले, ते दाखवणाऱ्या नटाची जात विचारणे म्हणजे तळ्याच्या काठावर पुन्हा पहारा बसवणे होय.

दुसरीचे म्हणणे थोडक्यात असे: हे बरोबर आहे, पण दार दोन्ही बाजूंनी उघडत असेल तर. गोरी अभिनेत्री दीपा होऊ शकते. वाडीतल्या मुलीला कुणी सौंदर्या इनामदार करील का? कातकरी मुलाला डॉ. कार्तिक? नाग्या आणि चिंधी दुसऱ्यांनी केली, ठीक. पण १९७७ पासून इतक्या वर्षांत एखाद्या ठाकर मुलीला प्रभात रोडवरच्या बंगल्यातली सून करून पाहिले आहे का? ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘सैराट’ (२०१६) मध्ये नागराज मंजुळे यांनी सोमनाथ अवघडे, रिंकू राजगुरू या कॅमेऱ्यासमोर कधीही उभ्या न राहिलेल्या मुलांवर आख्खे चित्रपट तोलले, म्हणजे ओझे पेलत नाही ही सबब गेली. ‘रात्रीस खेळ चाले’ने (२०१६) मालवणी बोलणारी माणसे घरोघर आणली, म्हणजे बोलीची सबबही गेली. उरले काय?

पहिल्याने यावर अजून उत्तर दिलेले नाही. आमच्या आगरी बोलीचे तर पडद्यावर हसे करण्यापलीकडे फारसे काही झालेले आम्ही पाहिलेले नाही. नायकाने ती बोलावी हे फार लांबचे.

वाडीतल्या त्या मुलीने तृतीय वर्षाला प्रवेश घेतला नाही. त्याचा आणि एकांकिकेचा संबंध जोडणे हा स्वतःला फार महत्त्व देण्याचा प्रकार होईल. वाडीतून येणाऱ्या मुलींना शिक्षण सोडण्यासाठी आमच्या अन्यायाची गरज पडत नाही. तरी तिच्या वाडीवर जाऊन यावे असे आम्ही अनेकदा ठरवले. रोह्याहून ती फार लांब नाही. अद्याप गेलेलो नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही पुन्हा एकांकिका बसवली. विषय मुद्दाम साधा घेतला: एका कचेरीत अधिकारी म्हणून रुजू झालेली तरुण बाई आणि तिचे वडील. मुख्य भूमिका खारेपाटातल्या एका मुलीला दिली. काळी म्हणावी इतकी सावळी, उत्तम टप्प्यावर बोलणारी. तिच्या भूमिकेत रंगाचा उल्लेख कुठेही नव्हता. ती अधिकारी होती, एवढेच. रंगभूषेच्या पेटीतल्या त्या दोन-तीन छटा आम्ही आदल्या दिवशी काढून घरी ठेवून दिल्या होत्या.

प्रयोगाआधी ती आरशासमोर बसली होती. पर्समधून तिने स्वतःची डबी काढली. तिच्या गालापेक्षा दोन छटा उजळ असलेली. आम्ही पाहतो आहोत हे लक्षात आल्यावर म्हणाली, “मॅडम, लाइटखाली मी फार काळी दिसते हो. अधिकारी वाटायला नको? फक्त एकच हात देते.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. सांगण्यासारखे पुष्कळ होते. त्यातले काही तर ऑगस्टातल्या त्या तासाला पाठ झाल्यासारखे सांगूनही झाले होते. बाहेर दुसरी घंटा झाली. तिने कपाळापासून मानेपर्यंत तो एक हात सफाईने दिला, डबी पर्समध्ये टाकली, साडीचा पदर सारखा केला आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.